जठर स्वतःलाच का पचवत नाही?

तुमचा प्रश्न: ‘आपण वजडी खातो आणि ती पचते. मग आपलं जठर स्वतःलाच का पचवत नाही?’

मेल्यावर पचवतं! जॉन हंटर या शल्यविशारदाने १७७२ साली लिहून ठेवलंय की अचानक मेलेल्या काहींची जठरं त्याला चक्क स्वतःच्याच रसाने विरघळलेली दिसली. म्हणजे आपलं जठर कुठल्या खास मालाचं नाही, वजडीसारखं मांसच आहे. (वजडीचा मोठा भाग म्हणजे बकऱ्याच्या पोटाचा पहिला कप्पा, तिथे आम्ल नसतंच. पण ते असो.) जिवंतपणी ते टिकतं, कारण डागडुजी अखंड चालू असते.

जठराच्या पोकळीत सामू (pH, जितका कमी तितकं आम्ल तीव्र) १ ते २ पर्यंत उतरतो. पण आतल्या अस्तरावर श्लेष्माचा बुळबुळीत थर असतो, एक मिलिमीटरही जाड नसलेला. त्यात पेशी बायकार्बोनेट सोडत राहतात, खायच्या सोड्यात असतं तेच. झिरपत आलेलं आम्ल तिथेच मरतं आणि पेशींपाशी सामू ७ च्या आसपास राहतो. २ आणि ७ म्हणजे आम्लतेत लाखपटीचा फरक! मांस तोडणारं पेप्सिनही पेशीत तयार नसतं. तिथे बनतं निष्क्रिय पेप्सिनोजेन, ते बाहेर आम्लात पडलं की जागं होतं. एवढं करूनही झीज होतेच, म्हणून वरच्या पेशी काही दिवसांत बदलल्या जातात.

हे मी हौसेने वाचलेलं नाही. पाठदुखीसाठी तीन आठवडे डायक्लोफेनॅक घेत होतो, तेही जेवूनच, म्हणून निर्धास्त. एंडोस्कोपीत अल्सर निघाला. श्लेष्मा, बायकार्बोनेट, अस्तराचा रक्तपुरवठा, या सगळ्याला चालना देतात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं. आणि ही गोळी दुखणं थांबवते तीच मुळी ती रसायनं बनू न देता. शिवाय ती रक्तातूनही जठरापर्यंत पोचते, त्यामुळे आधी भाकरी खाल्ली म्हणजे सुटलो असं होत नाही.

अल्सरचं दुसरं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल १९८४ मध्ये तो स्वतः प्यायले आणि त्यांच्या जठराला सूज आली. २००५ चं नोबेल त्यांना सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासोबत मिळालं. माझ्या तपासणीत तो सापडला नाही. गोळी बंद केली, आम्ल कमी करणारं औषध घेतलं, अल्सर भरला. आई मात्र अजून ठेच्यालाच दोष देते.