गाण्याची सुरुवात कुणी कापली?

प्रश्न : हल्ली गाणं लागलं की थेट मुखडाच सुरू होतो. सुरुवातीचं लांबलचक संगीत गेलं कुठे? लोकांची आवड बदलली का?

उत्तर : आवडीला उगाच दोष देऊ नका. गाणं किती लांब, हे बरंचसं विकणाऱ्याच्या सोयीनं ठरत आलंय. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या (७८ आरपीएम) जुन्या दहा इंची तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. तासभर रंगणारे गवईही तेवढ्यात आटपायचे. १९४८ साली एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, एका बाजूला वीसेक मिनिटं मिळू लागली. पण रेडिओला छोटंच गाणं सोयीचं, आणि कानाला तेच वळण पडलेलं.

आता स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं तरच ते मोजलं जातं. त्याआधी श्रोता पुढे सरकला की पैसे बुडाले. म्हणून मी मिक्सिंगला, म्हणजे गाण्यातले सगळे आवाज जुळवायला, बसलो की निर्माता खुर्चीमागे उभा राहून म्हणतो, “गायकाचा आवाज कधी येणार?” मग बासरीचा छान तुकडा कापून पहिल्या अंतऱ्याआधी सरकवायचा. (बासरीवाल्याला हे सांगायचं कामही माझ्याचकडे!) तिथे तो तग धरतो, कारण तोवर मोजणी झालेली असते. लांब सुरुवात ऐकायचीच असेल तर मैफलीला जा. तिथे घड्याळ वादकाच्या हातात असतं.