गणित कोणतं घ्यावं, किती करावं: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न: मुलगी मराठी माध्यमातून दहावी झाली. गणितात १०० पैकी ६१ गुण आहेत. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचं आहे. नातेवाईक म्हणतात, गणित झेपणार नाही, बायोलॉजी घेऊ द्या, पुढचं पुढे पाहू. काय करावं? (एक पालक, घाटंजी तालुका)

उत्तर: भाऊ, इंजिनिअरिंग पक्कं असेल तर गणित सोडू देऊ नका. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटात गणिताचे ५० प्रश्न असतात, प्रत्येकी २ गुणांचे. म्हणजे २०० पैकी १०० गुण एकट्या गणिताचे. पुढे शेतीकडे वळावंसं वाटलं तर, म्हणून गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतात काही जण. पण कृषी पदवीच्या प्रवेशाला पीसीएमही चालतं, तेवढ्यासाठी चौथ्या विषयाचं ओझं नको.

६१ गुणांना घाबरू नका, ते कुठून आले ते तपासा. प्रमेयांच्या सिद्धता पाठ करून आलेले गुण अकरावी-बारावीच्या कॅल्क्युलसमध्ये (बदलाच्या गणितात) फारसे कामी येत नाहीत. तिथे लागतं ते वर्गसमीकरण, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि नववीचं बहुपदींचं प्रकरण आणि घातांक. मुलीला विचारा, √(क्ष² + ९) म्हणजे क्ष + ३ होतं का? 'हो' म्हणाली तर क्ष = ४ घालायला सांगा. डावीकडे ५ येतात, उजवीकडे ७. दुसरं, (क्ष² − ९) ÷ (क्ष − ३) याची क्ष ३ कडे जाताना सीमा (लिमिट, म्हणजे ही राशी ज्या किमतीच्या जवळ जाते ती) काढायची आहे. सरळ ३ घातले तर शून्य भागिले शून्य. अवयव पाडले की क्ष + ३ उरतं आणि उत्तर ६. या गणितात सीमेची ओळ एकच आहे, बाकी सगळं शाळेतलं बीजगणित. कॅल्क्युलसमध्ये अडकलेली मुलं बहुतेक वेळा याच बीजगणितात अडकलेली असतात, म्हणून दहावीनंतरच्या सुटीत दुरुस्ती इथेच करायची.

खरं नुकसान अकरावीत होतं. बोर्डाची परीक्षा बारावीला, म्हणून अकरावी सैल सोडली जाते. पण फल (फंक्शन), सीमा, सांतत्य (आलेख न तुटणं) आणि विकलन (बदलाचा दर काढणं) ही प्रकरणं अकरावीच्या भाग २ च्या शेवटी आहेत. वर्गात तिथवर पोचेपर्यंत वर्ष संपत येतं आणि ती घाईत उरकली जातात. बारावीचा भाग २ थेट विकलनापासून सुरू होतो, ही चार प्रकरणं येतात असं धरूनच. तेव्हा दिवाळीच्या सुटीत फल आणि सीमा घरी सुरू करा. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मोफत मिळतात. माध्यम मराठीचं इंग्रजी झाल्यामुळे पहिले दोन महिने अडखळणं होईल. पुस्तकातले शब्द एका वहीत मराठी अर्थासह लिहीत गेली तर ते निभतं.

प्रश्न: बारावी पीसीबी (गणिताऐवजी जीवशास्त्र) घेऊन झाली. आता बी.एस्सी.ला गणित घ्यायचं आहे. अकरावी-बारावीचं गणित केलेलंच नाही. (एक विद्यार्थी, दर्यापूर)

उत्तर: आधी कॉलेजच्या माहितीपुस्तकात पात्रता वाच. बारावीचं गणित बंधनकारक असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून उच्च माध्यमिकचा गणित हा एकच विषय (क्रमांक ३११) देता येतो. बंधनकारक नसलं तरी तयारी न करता बसू नकोस. क्रम असा ठेव: सरळ रेषा, त्रिकोणमितीची दोन्ही प्रकरणं, फल, सीमा, विकलन. शंकुच्छेद, संमिश्र संख्या, क्रमपरिवर्तन ही प्रकरणं कॅल्क्युलसपुरती मागे राहिली तर बिघडत नाही. रोज दोन तास दिलेस तर विकलनापर्यंत साधारण तीन महिने लागतात. त्यातला निम्मा वेळ त्रिकोणमिती आणि फलाला दे. फलाचा आलेख हाताने काढता आला पाहिजे, नुसती व्याख्या पाठ असून चालत नाही.

शाब्दिक उदाहरणं टाळू नकोस. नाल्याचा काठ एका बाजूला आहे, तार १०० मीटर आहे, उरलेल्या तीन बाजूंना कुंपण घालून जास्तीत जास्त जागा घेरायची. नाल्याला काटकोनात असलेल्या दोन बाजू क्ष धरल्या तर नाल्यासमोरच्या बाजूची लांबी १०० − २क्ष, क्षेत्रफळ क्ष(१०० − २क्ष). विकलन १०० − ४क्ष, ते शून्य केलं की क्ष = २५, जागा १२५० चौरस मीटर. विकलन एका ओळीचं आहे. मुलं चुकतात ती आधीच: नाल्याच्या बाजूलाही तार धरतात, मग २५ × २५ म्हणजे ६२५ वरच थांबतात. आधी आकृती काढ, तार कुठे लागते तिथेच रेघ ओढ, मग समीकरण लिही.

प्रश्न: दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलं तर हे गणित चुकतं का? (एक विद्यार्थिनी, आरमोरी)

उत्तर: नाही ताई, उलट ते लवकर येतं. डिप्लोमाच्या पहिल्याच वर्षात विकलन आणि संकलन (इंटिग्रेशन, विकलनाची उलट क्रिया) दोन्ही येतात, अकरावी-बारावीइतका वेळ मिळत नाही. प्रवेशाआधी लॉगरिदम आणि त्रिकोणमितीची सूत्रं करून जा. कॅल्क्युलेटर रेडियनवर (अंशांऐवजी कोन मोजायचं एकक) आहे का ते दर वेळी पाहा. साइनचं विकलन कोसाइन येतं ते कोन रेडियनमध्ये असेल तरच. पुढे थेट दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंगला गेलीस तर पदवीच्या पहिल्या वर्षाचं गणित शिकायला मिळत नाही आणि लाप्लास रूपांतर (संकलनावर आधारलेली, समीकरणं सोडवायची पद्धत) समोर येतं. त्यासाठी आंशिक अपूर्णांक आणि खंडशः संकलन, हे दोन भाग डिप्लोमातच पक्के करून ठेव.