सीपॅपचा (झोपेत हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणाऱ्या मशीनचा) मास्क लावून झोपच लागत नाही, स्लीप अ‍ॅप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजारासाठी, दातांवर लावायचं डिव्हाइस चालेल का?

चालतं, पण आधी स्लीप स्टडीच्या (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीच्या) रिपोर्टमधला एएचआय बघा, म्हणजे तासाला किती वेळा श्वास अडतो तो आकडा. ५ ते १५ माइल्ड, ३० पर्यंत मॉडरेट, तिथे हे चांगलं काम करतं, ३० च्या वर असेल तर पहिली पसंती सीपॅपच, पण ते सहनच होत नसेल तर काहीच न करण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

वरच्या आणि खालच्या दातांवर एकेक प्लेट बसते आणि खालचा जबडा काही मिलीमीटर पुढे धरून ठेवते, त्याबरोबर जीभ पुढे येते आणि घशातली वाट मोकळी राहते. डेंटिस्टकडे माप देऊनच बनवा, गरम पाण्यात मऊ करून चावायचे रेडीमेड मिळतात ते नीट धरत नाहीत. सुरुवातीला लाळ गळते, सकाळी जबडा आखडतो, ते बहुतेकांचं कमी होतं, पण वर्षानुवर्षं वापरलं की दात थोडे सरकू शकतात म्हणून चेकअप चुकवू नका. आणि प्लीज, घोरणं थांबलं म्हणजे आजार गेला असं धरू नका, डिव्हाइस लावून परत एकदा स्लीप स्टडी कराच.