‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ या चित्रपटातले म्हातारे प्रोफेसर साकारणारे नट कोण?

ते व्हिक्टर स्योस्ट्रोम. जन्म १८७९, स्वीडनमधला. बालपणाची काही वर्षं मात्र ब्रुकलिनमध्ये गेली. नट म्हणून तुम्ही विचारताय, पण मूकपटांच्या जमान्यात ते स्वीडनचे बडे दिग्दर्शक होते. १९२१ च्या ‘द फँटम कॅरेज’मध्ये दारुड्या डेव्हिड होल्मही त्यांनीच केला. बायकोने दार बंद केलेलं आणि हा कुऱ्हाडीने ते फोडतोय, हा प्रसंग आजही अंगावर येतो. मग हॉलिवूड, तिथे ‘सीस्ट्रोम’ या नावाने काम, आणि बोलपट येताच परत मायदेशी.

‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’चा दिग्दर्शक इंगमार बर्गमन याने १९५७ मध्ये प्रोफेसरची भूमिका दिली तेव्हा तब्येत साथ देत नव्हती. संध्याकाळी ठरल्या वेळी घरची व्हिस्की चुकली की स्वारी बिथरायची, असं बर्गमनच सांगायचा! १९६० च्या जानेवारीत गेले.