पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांमधल्या खुनाच्या कथेत 'प्राचीन विधी'चा धागा पटेल का? असं खरंच कधी घडलंय का?

घडलंय. तुम्ही परदेशात कला आणि पुरातत्त्व शिकणाऱ्या मुलांवर रहस्यकथा लिहिताय, म्हणून थोडं सविस्तर सांगते. विधीचा धागा पटेल का, याचं उत्तर 'हो' असंच आहे. १९६९ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीचा खून झाला, त्या प्रकरणात तो इतका पटला की त्यापायी निरपराध माणसांकडे अनेक वर्षं संशयानं पाहिलं गेलं.

७ जानेवारी १९६९, मॅसॅच्युसेट्समधलं केंब्रिज. हार्वर्डच्या मानववंशशास्त्र विभागात त्या दिवशी पदव्युत्तर विद्यार्थ्यांची मोठी परीक्षा होती (अमेरिकेत पुरातत्त्व बहुधा याच विभागात शिकवतात). २३ वर्षांची जेन ब्रिटन परीक्षेला आलीच नाही. तिचा मित्र त्याच परीक्षेला बसला होता. पेपर संपल्यावर तो युनिव्हर्सिटी रोडवरच्या तिच्या घरी गेला, तेव्हा जेन मरून पडलेली होती. डोक्यावर घाव होते. आणि तिथे लाल भुकटी सांडलेली आढळली.

दोनच दिवसांत वर्तमानपत्रांत आलं की ती भुकटी म्हणजे गेरू. माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच वळली. हजारो वर्षांपूर्वीची माणसं मृतांवर गेरू शिंपडत, हे पुरातत्त्व शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मग हे करणारा कोण असणार? ज्याला ते माहीत आहे तोच, म्हणजे विभागातलाच कुणीतरी. जेन १९६८च्या उन्हाळ्यात आग्नेय इराणमधल्या तेपे याह्या इथल्या उत्खननावर गेली होती. लगेच त्या छावणीतली भांडणं आठवली गेली, कोण कुणावर चिडलं होतं ते उकरून काढलं गेलं. सहाध्यायी, शेजारी, प्राध्यापक, कुणी सुटलं नाही. पुढे पोलिसांनी माहिती देणं बंद केलं, तशी कुजबूज आणखी वाढली. नव्या विद्यार्थ्यांना जुने विद्यार्थी ही गोष्ट हळू आवाजात सांगायचे, आणि दर वेळी संशयित ठरलेलाच असायचा.

मी स्वतः पुरातत्त्व शिकले आहे, त्यामुळे हा मोह मला चांगला ठाऊक आहे. विद्यार्थी असताना एका दफनाच्या खड्ड्यात काम करताना कवटीशेजारी बोटभर रुंदीचा लाल पट्टा दिसला. माझे हात थरथरायला लागले. नोंदवहीत मी सरळ लिहून टाकलं, 'अंत्यविधीचा गेरू'. आमच्या बाईंनी वही हातात घेतली, ती ओळ खोडायला लावली आणि म्हणाल्या, "काय दिसतंय तेवढंच लिही. लाल, भुसभुशीत, बोटाला लागतंय. विधी तुला दिसलेला नाही." नंतर तपासणीत ती साधी लोहयुक्त माती निघाली, त्या जमिनीत मुळातलीच.

मोठ्यामोठ्यांचीही अशी फसगत झाली आहे. १८२३ साली वेल्समधल्या पॅव्हिलँडच्या गुहेत भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलँडला गेरूनं लालभडक झालेली हाडं आणि हस्तिदंती दागिने सापडले. जवळच एक जुनी छावणी होती, ती त्यानं रोमन धरली आणि हा सांगाडा रोमन काळातल्या बाईचा ठरवून टाकला. प्रत्यक्षात तो सुमारे ३३,००० वर्षांपूर्वीचा तरुण पुरुष होता. तिथे गेरू तरी खरोखर विधीचा होता, बाकीची कथा बकलँडनं स्वतः जोडलेली होती.

जेनच्या बाबतीत उत्तर २०१८च्या नोव्हेंबरमध्ये आलं. इतकी वर्षं जपून ठेवलेल्या नमुन्याचा डीएनए मायकेल सम्पटर नावाच्या माणसाशी जुळला, आणि त्याच्या भावाच्या नमुन्यावरून ते पक्कं झालं. सम्पटर २००१ सालीच कर्करोगानं मेला होता. तो बलात्काराच्या गुन्ह्यात शिक्षा झालेला माणूस होता. पुढे बोस्टनमध्ये १९७२ आणि १९७३ साली झालेल्या दोन तरुणींच्या खुनांशीही त्याचा डीएनए जुळलेला होता. विभागाशी, इराणशी, उत्खननाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. आणि ती लाल भुकटी? जेन चित्रं काढायची, घराच्या भिंतीही तिनं प्राण्यांच्या चित्रांनी रंगवल्या होत्या. अशा घरात लाल रंग सापडला तर त्यासाठी पाषाणयुगापर्यंत जायची गरज नव्हती.

तेव्हा तुमच्या कथेत विधीचा धागा जरूर ठेवा, फक्त तो खुन्याच्या हाती देऊ नका. तो पाहणाऱ्यांच्या डोळ्यांत ठेवा. तुमचे विद्यार्थी एकमेकांच्या प्रबंधांचे विषय जाणतात, कुणी कोणती दफनं अभ्यासली हे त्यांना पाठ असतं. खुनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात कुणीतरी गुपचूप नोंदवही उघडून पाहील, गेरूवरची पुस्तकं शेवटची कुणी नेली होती. त्या नावाच्या माणसाची पुढची वीस-तीस वर्षं लिहा. तो पुढे शिक्षक होईल, वर्गात प्राचीन दफनांवर बोलायची वेळ येईल, खडू हातात घेऊन तो फळ्यावर 'गेरू' लिहील, आणि मागच्या बाकावरची दोन मुलं एकमेकांकडे बघतील.