भंडारदऱ्याला काजवे बघायला बारा जण जातोय. सगळ्यात जास्त काजवे कुठे दिसतात आणि फोटोसाठी कोणता लाइट न्यावा?

कोणताच नाही. लाइट घरीच ठेवा.

माझं गाव त्याच भागातलं, अकोले तालुक्यातलं. याच लाइटवरून चार वर्षांपूर्वी माझी आणि चुलतभावाची, म्हणजे दादाची, कडाक्याची भांडणं झाली, म्हणून एवढं लिहितोय.

लहानपणी आमच्याकडे काजवे बघायला कोणी येत नसे. 25 मेला रोहिणी नक्षत्र लागायचं, एखादा वळीव पडून जायचा आणि ओढ्याकाठचा सादडा, हिरडे, बेहडे काजव्यांनी भरून जायचे. आजी म्हणायची, "काजवे उतरले, राबात भात टाकायची तयारी करा." मृगाचा पाऊस जोरात लागला की दोन-चार दिवसांत सगळा खेळ संपायचा.

आता त्याच दिवसांत दादा भाताच्या खाचरात तंबू ठोकतो. त्या वर्षी मे संपता संपता शनिवारी मी घरी गेलो होतो. सहा वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा काजवे दाखवायचे होते. ओढ्यावर पोचलो तेव्हा अख्खा सादडा एका लयीत उजळत आणि मावळत होता. पोर माझं बोट घट्ट धरून गप्प उभी होती. तेवढ्यात वरच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली, सगळ्यांचे हेडलाइट अप्परवर. पाठोपाठ चार-पाच पोरं झाडाखाली आली आणि रील काढायला एलईडी पॅनल लावलं. झाड विझलं. मुलगी म्हणाली, "बाबा, ते घाबरले का?" मागे खाचरात जनरेटर आणि स्पीकर चालूच होते, पहाटे दोनपर्यंत.

सकाळी ओट्यावर पाण्याची एक बाटली राहिलेली दिसली. आत नऊ काजवे होते. ओल्या प्लास्टिकला पंख चिकटलेले, पोटाचं टोक पांढुरकं पडलेलं. मी झाकण उघडून ओट्यावर ओतले, एकही हलला नाही.

काजव्याचं चमकणं म्हणजे जोडीदाराला घातलेली साद असते. नर उडत चमकतो, मादी खाली गवतात किंवा बुटक्या फांदीवर बसून उत्तर देते. काही जातींच्या माद्यांना तर पंखच नसतात. म्हणजे झाडाखाली गर्दी झाली की पाय तिच्यावरच पडतो. अंडी ओल्या मातीत असतात. अळ्या कित्येक महिने तिथेच गोगलगायी खाऊन वाढतात. पंख फुटल्यावर मोजके आठवडे मिळतात, तेवढ्यात जोडी जमली पाहिजे. पांढऱ्या प्रकाशात त्यांना एकमेकांची खूण दिसत नाही, आणि ती रात्र वाया जाते.

हे मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तुझं काय जातंय बोलायला? एक तारखेला तुझा पगार पडतो. मला तीन आठवड्यांत वर्षाचं बघायचं असतं." मी रागाने काकांचा उद्धार केला. ते बोलायला नको होतं. पण लोक पैसे मोजून येतात ते अंधारासाठी, आणि तो अंधारच दादा जनरेटर लावून घालवतो. सादडा रिकामा झाला की त्या तंबूत कोण उतरणार आहे? बरं, नुकसान फक्त काजव्यांचं नाही. त्याच जुलैत आवणीला, म्हणजे भातलावणीला, चिखलात उतरल्यावर वहिनीच्या तळपायात बिअरच्या बाटलीची काच घुसली. सहा टाके पडले.

तुम्हाला झाडाचं ठिकाण सांगणार नाही. एका ठिकाणाचं नाव पसरलं की तिथे काय होतं ते बघून बसलोय. शनिवार-रविवार सोडून या. बारा जण एकदम झाडाखाली जाऊ नका, दोन टोळ्या करा. हा कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा भाग आहे, 1986 पासून, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर जी वेळ सांगतील ती पाळा. गाडी गावातच लावा, पुढे गावातला माणूस बरोबर घेऊन पायवाटेने चाला. बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावा आणि उजेड पायाखालीच ठेवा. फोटोला ट्रायपॉड लागतो, वीस-तीस सेकंद शटर उघडं ठेवायचं. तुम्ही बघितलेली ती सोनेरी झाडं बहुतेक वेळा अनेक फोटो एकावर एक चढवून केलेली असतात. डोळ्यांना तसं दिसत नाही, पण जे दिसतं ते कमी नाही.

एक मात्र सांगायला हवं. येणारे सगळेच दंगा करत नाहीत. काही घरांत दहाच पाहुणे घेतात, भाकरी-पिठलं वाढतात, नऊनंतर दिवे बंद करतात. आणि पुतणीची नर्सिंगची फी त्या तंबूंतून गेली, मी एक रुपया दिला नव्हता. दादाने गेल्या वर्षी जनरेटर काढला, स्पीकर अजून आहे. सादड्याच्या वरच्या फांद्यांवर काजवे होते, खाचराकडची खालची बाजू मात्र काळीच राहिली.

तुम्ही कुठेही उतरा, स्पीकर असेल तर येणार नाही असं बुकिंगच्या फोनवरच सांगा. दादा माझं ऐकत नाही, गिऱ्हाइकाचं ऐकतो.