उशी किती उंच हवी?

प्रश्न : वय ५२, घरी शिवणकाम करते. दोन उशा घेऊन उजव्या कुशीवर झोपते. सकाळी मान आखडते, उजवा खांदा ठणकतो. मेमरी फोमची महागडी उशी घेऊ का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पैसे काढायची घाई नको. एकावर एक ठेवलेल्या उशा रात्री सरकतात आणि मान वाकडी राहते. एकच चपटी उशी घ्या, तिच्यावर घडी घातलेला टॉवेल ठेवा आणि कुशीवर झोपून मुलीला समोरून फोटो काढायला सांगा. नाक, हनुवटी आणि छातीचं मधलं हाड एका रेषेत येईपर्यंत घड्या वाढवा किंवा कमी करा. मग डोकं ठेवलेलं असतानाच तिथली उंची तुमच्याच टेपने मोजा. तुमची उशी तेवढी. दुकानदार कशाची आहे ते रंगवून सांगतो; मला उंचीची काळजी जास्त. उताणं झोपायचं तर याहून बुटकी लागते.

खांदा गादीवरच हवा, उशीवर फक्त डोकं आणि मान. तूर्त डाव्या कुशीवर झोपा, उजवा हात पोटाशी धरलेल्या दुसऱ्या उशीवर ठेवा. सावरीच्या उशीत गाठी झाल्या असतील तर पिंजून घ्या. (माझ्या आजीची उशी अक्षरशः दगड होती, आणि ती कुणाला हात लावू देत नसे!)

दिवसभर मशीनवर मान खाली असते, त्याचा भार उशी एकटी उतरवणार नाही. दर अर्ध्या तासाने उठा. हाताला मुंग्या येत असतील किंवा कात्री हातातून सुटत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.